दीपतळावरची आठवी

१

रविवारी दुपारची भांडी आवरली की ताईच्या पुढच्या खोलीत भांडणं सुरू व्हायची, आणि ती ऐकायला ताईला फार आवडायचं. भांडण जागेवरून नसायचं की सासू-सुनेवरून नसायचं. ते असायचं 'दीपतळ' नावाच्या मालिकेवरून, जी संपूनही कैक वर्षं झाली होती.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. माणसाला ठाऊक असलेल्या आकाशाच्या अगदी टोकाला एक तळ, आणि त्या तळावर एक दिवा. वाट चुकलेल्या यानांसाठी तो विझू द्यायचा नाही, एवढंच तिथल्या सात जणांचं काम. कधीही आवाज न चढवणारी कप्तान, सतत कुरकुरणारा मिस्त्री, स्वतःच आजारी असलेली डॉक्टर, नकाशे बघणारा म्हातारा, संदेश ऐकणाऱ्या जुळ्या बहिणी आणि सातवं म्हणजे तळ चालवणारं यंत्र. त्याला सगळे 'घर' म्हणायचे. राक्षस नाहीत, लढाया नाहीत, तरी बघणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. प्रत्येक भागाच्या शेवटी घर शांतपणे सांगायचं, "दिवा चालू आहे."

भांडायला तिघं असायची. ताईचा धाकटा भाऊ लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. त्याचे मित्र म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली चष्मेवाली. त्यांचा शिरस्ता असा, की आठवड्याला एक भाग ठरवायचा, तो ज्याने त्याने आपापल्या घरी बघायचा, आणि रविवारी इथं येऊन एकाने एखाद्या पात्रावर आरोप करायचा, दुसऱ्याने वकिली करायची. ताईला मत द्यायचा अधिकार नव्हता, कारण तिनं 'दीपतळ' कधी पाहिलंच नव्हतं. तिनं ते ऐकलं होतं.

ताई कपड्यांची दुरुस्ती करायची. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं. तिचं मशीन खिडकीशी होतं, कारण उजेड तिथंच यायचा. टीव्ही समोरच्या भिंतीवर, म्हणजे तिच्या पाठीमागे. टीव्हीसमोर सोफा, सोफ्यावर भाऊ. अशी ही बहीण-भावंडं वर्षानुवर्षं संध्याकाळी पाठीला पाठ करून एकच मालिका अनुभवत आली होती. एकदा कुतूहलानं तिनं मान वळवली, तर कप्तान तिच्या मनातल्यापेक्षा चांगली वीतभर ठेंगणी निघाली. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. ऐकण्यातच खरी गंमत होती.

आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. रात्र झाली की तो भिंतीकडे तोंड करून थरथरायचा. त्याच सुमारास 'दीपतळ' लागायला लागलं आणि पोरगं सावरलं. त्यामुळे ताईला ती मालिका नुसती आवडायची नाही, तिचे उपकार वाटायचे. आता त्याच भावाला दूरच्या बंदरातून मोठ्या क्रेनच्या कामासाठी बोलावणं आलं होतं. पोचायला दोन दिवस लागतील इतकं दूर. काम त्याच्या हाताला साजेसं होतं, पण तो होकार कळवत नव्हता. ताई एकटी पडेल, हे त्यामागचं कारण घरात कुणी उच्चारत नव्हतं.

२

त्या रविवारी 'मिस्त्रीचा फेरा' हा भाग होता. दिव्याची काच बाहेरून साफ करायला मिस्त्री जातो आणि त्याची दोरी सुटते. त्याला परत आणता येणार नाही हे कप्तानला कळतं, त्यालाही कळतं. ती फक्त संदेशाच्या यंत्राशी बसून राहते, त्याची हवा संपेपर्यंत.

"एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं?" मास्तरांनी तोफ डागली. "माणूस मरतोय आणि ही दगडासारखी गप्प."

"मास्तर, त्या गप्प बसण्यावर मी माझं दुकान ओवाळून टाकीन," चष्मेवाली म्हणाली. "संगीत नाही, श्वास नाही. टीव्ही बिघडला की काय म्हणून मी पहिल्यांदा उठून बटणं दाबली होती. इतकी नितळ शांतता कुणी दाखवली आहे का सांगा."

ताईनं ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. सहसा ती मध्ये पडत नसे, पण हा भाग तिच्या जिव्हाळ्याचा होता.

"शांतता कुठं असते?" ती म्हणाली. "ती असते ना तिथं."

"कोण ती?"

"गुणगुणणारी. आठवी." ताईला वाटलं, हे लोक तिची परीक्षा घेताहेत. "तुम्ही कप्तानवरून भांडता, घरावरून भांडता, पण तिचं नाव कुणी काढत नाही याचं मला नवल वाटतं. अहो, एक वाक्य नाही तिला सगळ्या मालिकेत. कुणी घाबरलं, कुणी एकटं पडलं की जवळ येऊन बसते आणि गुणगुणते. चारच सूर. वर चढतात आणि खाली येतच नाहीत, तिथंच सोडून देते. बोलक्या बाईला कुणीही उभी करेल, पण नुसत्या गुणगुणण्यावर एक आख्खी बाई उभी केली, त्या लिहिणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात मला."

चष्मेवालीनं मास्तरांकडे पाहिलं. मग भाऊ हसायला लागला.

"अगं ताई, ती तूच. मी भाग लावला की मागे मशीनवर तूच गुणगुणत असतेस. लहानपणापासून. मला तर त्याशिवाय 'दीपतळ' बघताच येत नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मास्तर म्हणाले, आणि खोलीभर हशा पिकला.

ताईसुद्धा हसली. "असेल बाई. मीच असेन," असं म्हणून तिनं सवयीनं टाचण्या परत ओठांत धरल्या, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

काम करताना तिच्या ओठांत कायम टाचण्या असत. सगळ्यांची पाठ आहे असं बघून तिनं हळूच 'हूं' केलं. टाचण्या ओठांना गुदगुल्या करत थरथरल्या आणि एक घसरून मांडीवर पडली. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की टाचणी तोंडात असली की गळ्यातून आवाज काढायचा नाही. तेव्हापासून मशीनवर बसून तिनं हुंकारसुद्धा दिला नव्हता. शिवाय ती बेसूर होती, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

३

माणसाचं मन मोठं लबाड असतं. दोन दिवस ताईनं मनाला पटतील अशी कारणं शोधली. मशीनच्या मोटारीची घरघर असेल. वरच्या मजल्यावरचा पंप असेल. फ्रिजला तर गाणी म्हणायची खोडच असते. पण मोटार, पंप आणि फ्रिज कुणी घाबरलेलं बघून जवळ येत नाहीत, हेही तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी काम बाजूला ठेवून ती चष्मेवालीकडे गेली. "तुम्ही भांडता तो भाग मला एकदा डोळ्यांनी बघू दे," म्हणाली. चष्मेवालीला इतका आनंद झाला, की तिनं भर दुपारी दुकानाची फळी ओढून घेतली.

आणि खरं सांगायचं तर ताई थक्क झाली. कप्तान ठेंगणी होती, पण तिचा चेहरा काय विलक्षण होता. मिस्त्रीचा आवाज तुटत जातो, कप्तानचा हात बोलायच्या बटणापर्यंत जातो, थांबतो, आणि मांडीवर परत येतो. त्या हातात सगळं होतं. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्या पाण्यातून बघत ती वाट पाहत राहिली, पण ते चार सूर आले नाहीत. तिथं काहीच नव्हतं. चष्मेवाली सांगत होती तशीच नितळ शांतता होती.

"कसं वाटलं?" चष्मेवालीनं विचारलं.

"फार मोठं काम आहे हे," ताई म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं भावाला आपणहून सांगितलं, "आज 'मिस्त्रीचा फेरा' लाव ना." तो सोफ्यावर बसला. ती खिडकीकडे तोंड करून बसली, टाचण्या ओठांत, पाय मशीनच्या पेडलवरून उचललेला. मिस्त्रीचा आवाज तुटला. मग ती शांतता आली, जी तिनं या खोलीत कधी ऐकलीच नव्हती. आली आणि लगेच भरून गेली.

चार सूर. वर चढले आणि तिथंच राहिले.

टीव्हीचा आवाज खिडकीच्या काचेवर आपटून परत यायचा, हे ताईच्या कानांना पाठ होतं. हा आवाज काचेपर्यंत जात नव्हता. तो टीव्हीइतका दूर नव्हता आणि टीव्हीइतका उंचही नव्हता. बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवरून, सोफ्याच्या आणि मशीनच्या मधून तो येत होता. मान वळवायला कितीसा वेळ लागतो? पण ताईनं मान वळवली नाही. समोरच्या कापडावर तिनं खडूनं एक रेघ ओढली, आणि तीही वाकडी गेली.

"मस्त," भाग संपल्यावर भाऊ आळस देत म्हणाला. "आज तर फार छान म्हणत होतीस, ताई."

४

सोफ्याच्या आणि मशीनच्या मध्ये एक खुर्ची होती.

ती गिऱ्हाइकांसाठी होती, पण दुरुस्तीचं गिऱ्हाईक बसत नाही. पिशवी ठेवतं, कधी देणार विचारतं आणि चालू लागतं. भाऊ सोफा सोडून कुठं बसत नसे. मास्तर आणि चष्मेवाली भावाच्या शेजारीच बसत, कारण भांडायला जवळ बसावं लागतं. त्या खुर्चीवर ताईनं उरलेल्या कापडाची एक जाड उशी शिवून ठेवली होती, आणि तिचा अभ्रा पुन्हा पुन्हा बदलला होता. विरला की बदलायचा. का विरतो, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता. रोज लोकांचे विरलेले कपडे हाताळणाऱ्या बाईला घरातला विरलेला अभ्रा दिसू नये, याला काय म्हणावं.

भाऊ कामावर गेल्यावर तिनं उशी खिडकीशी आणली. कापड माणसासारखं खोटं बोलत नाही. कुठं ताण पडला, कुठं घासलं, ते सगळं त्याच्यावर उमटतं. अभ्रा मधोमध पातळ झाला होता, पण थोड्याच जागेत. बसणारं अंगानं बारीक होतं. पुढच्या कडेला दोन ठिकाणी धागे उभे राहिले होते. तसे धागे लटकत्या, झुलणाऱ्या पायांनी निघतात. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

खुर्चीचं तोंड टीव्हीकडे होतं. आणि टीव्ही व खुर्ची यांच्या मध्ये भावाची मान होती. बसणारं काय बघत असेल, टीव्ही की ती मान, हे मात्र कापडावरून कळत नव्हतं.

ताईला भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिची तिला लाज वाटली. इतकी वर्षं तिनं त्या आठवीवर मनापासून प्रेम केलं होतं. मनात तिला चेहरा दिला होता, केस दिले होते, मोठे शहाणे डोळे दिले होते. लहानगा भाऊ थरथरायचा थांबला तो कुणामुळे, हे तिला आता विचारावंसं वाटत नव्हतं.

तिनं उशी परत खुर्चीवर ठेवली, खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली आणि वर चादर टाकली. भावाला इथून काढायचं, हे त्याच वेळी तिच्या मनानं घेतलं. जे काही आहे ते या घराचं आहे. त्याच्यासोबत मी राहीन. तो सुटला पाहिजे.

५

"मी नाही जात," भाऊ म्हणाला. ताटावर बसल्या बसल्या, जसं काही मीठ मागतोय.

"का?"

"तू एकटी इथं. परवापासून तुझं काहीतरी बिनसलंय. खुर्ची हलवलीस, टीव्ही लावू देत नाहीस."

खरं सांगितलं असतं तर तो जन्मात गेला नसता. ताईनं ताकास तूर लागू दिली नाही. "तू जाणार म्हणून बिनसलंय, दुसरं काय. आणि गेला नाहीस तर आणखी बिनसेल. मास्तर काय म्हणाले आठवतंय का? दिवा सांभाळायला एक जण पुरतो, बाकीच्यांनी यानात बसायचं असतं."

"ते शेवटच्या भागाबद्दल म्हणाले होते."

"मग मी काय वेगळं सांगतेय?"

शेवटी भावानं होकार कळवला. जायच्या आदल्या रविवारी त्या तिघांनी तोच शेवटचा भाग घेतला. त्यात तळावरचे सगळे एकेक करून परततात आणि घर एकटं मागे राहतं. पहिल्यांदाच कुणी कुणावर आरोप केला नाही. मास्तर म्हणाले, "घर कुणालाही थांब म्हणत नाही, हे मला आज वय झाल्यावर कळलं." चष्मेवालीनं चष्मा पुसला. ज्यांनी ही मालिका लिहिली त्यांना एकटेपणा म्हणजे काय ते कळलं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ताई कानांत प्राण आणून मधल्या रिकाम्या जागेकडे लक्ष देत होती. टीव्ही बंद होता. काहीच आलं नाही.

भाऊ गेला तेव्हा तिनं दारातून हात हलवला आणि आत येऊन मन भरून रडली. मग तोंड धुतलं, मशीनवर बसली आणि पाठीमागे टीव्ही लावला. त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'मिस्त्रीचा फेरा' लावला, तर ती शांतता जशीच्या तशी आली, कप्तानच्या हातासकट. ताईला वाटलं, सुटलो. तो सुटला आणि मीही सुटले. तिनं त्या आठवड्यात उशीर झालेली सगळी कामं उरकली.

६

पुढच्या रविवारी ऊन कलताना भावाचा फोन आला, चित्रासकट. त्याची खोली पांढरी होती. खिडकीतून क्रेनची उंच मान दिसत होती. तो दोन घास जास्त जेवत असावा असा दिसत होता, आणि ताईच्या जिवात जीव आला.

"काम फार सुंदर आहे, ताई," तो म्हणाला. "लिफ्ट म्हणजे याच्यापुढे खेळणं. आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या खोलीतल्या खुर्चीवरची तुझी उशी मी न विचारता उचलून आणली. इथल्या खुर्च्या लोखंडाच्या आहेत. म्हटलं, तुझ्या हातचं काहीतरी असावं."

भावानं फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि स्वतः बाजूला सरकून लॅपटॉपवर काहीतरी लावलं. "तुझ्यासोबत बघू या, मिस्त्रीवालाच. तू तिकडे काम कर, मी इकडे बघतो. पहिल्यासारखं."

त्याच्या खांद्यामागे, भिंतीशी, लोखंडी खुर्ची होती. खुर्चीवर उशी होती. आणि ताईला, जिनं जन्मभर कापडच वाचलं होतं, दिसलं ते एवढंच. अभ्रा मधोमध खोल गेला होता आणि चारी बाजूंनी ताणला होता, जसा वजनाखाली ताणतो. पुढची कड किंचित हलत होती. थांबत होती, पुन्हा हलत होती, सावकाश, पाय झुलवावेत तशी. उशीच्या वर काही नव्हतं, फक्त पांढरी भिंत.

मिस्त्रीचा आवाज तुटला. शांतता आली. आणि फोनमधून ते चार सूर आले, वर चढले, तिथंच राहिले.

"अहाहा," भाऊ डोळे मिटून म्हणाला. "हेच तुझं गुणगुणणं, ताई, यानंच या खोलीत झोप लागते मला. रोज संध्याकाळी आठवतं आणि खरंच ऐकू येतं, बघ."

ओरडावं, की फोन ठेवावा, की पुढची गाडी पकडावी? दोन दिवसांची वाट. त्याला सांगितलं तर तो मागे वळून बघेल. मागे वळून त्याला काय दिसेल, हे ताईला ठाऊक नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. निदान माझा आवाज त्याच्या जवळ असू दे, असं तिला वाटलं. तिनं ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सूर स्वतः गुणगुणायला लागली, मोठ्यानं, जसे जमतील तसे.

तिकडचं गुणगुणणं थांबलं. उशीची कड हलायची थांबली. कुणीतरी ऐकत होतं.

भावानं डोळे उघडले. "ताई, तुझ्याकडे कोणी आलंय का? तू मध्येच थांबलीस आणि दुसरंच कुणीतरी गुणगुणतंय."

"शेजारीण आलीय," ती कशीबशी म्हणाली.

"तिला म्हणावं, थोडं थांबा. बेसूर आहेत बाई." तो हसला आणि पुन्हा टेकून बसला. "तू म्हण."

ताईनं तोंड मिटलं. पांढऱ्या खोलीतून चार सूर आले, वर चढले, आणि या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हळूहळू खाली उतरून पूर्ण झाले.

"हां," भाऊ म्हणाला. "आता बरं वाटलं."